राजाच्या खांद्यावरचा वेताळ

जुन्या ‘चांदोबा’तल्या वेताळकथेचं चित्र ज्यांनी लहानपणी पाहिलं, त्यांना त्यातली भीती हमखास आठवते. त्यातलं कसब मात्र नजरेतून निसटलेलं असतं. स्मशानातली रात्र, वेडीवाकडी झाडं, वाटेवर कवट्या नि हाडं. विक्रम राजा एका हातात उपसलेली तलवार घेऊन निघाला आहे, खांद्यावर वेताळ शिरलेलं प्रेत आहे आणि प्रेताचे पांढरे केस मोकळे सुटले आहेत. चित्रकार के. सी. शिवशंकरन. वाचकांना ते ‘शंकर’ म्हणूनच ठाऊक. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत शिकलेला हा माणूस १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘चंदामामा’त आला आणि साठ वर्षांच्या आसपास तिथेच चित्रं काढत राहिला. २०२०च्या सप्टेंबरात ते गेले. मासिक १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, मराठी ‘चांदोबा’ आला १९५२ साली. भाषा कितीही असोत, चित्रं सगळीकडे तीच. कुठल्याही एका भाषेच्या आधारावर उभं राहायची सोयच या चित्राला नव्हती. ते नुसतं बघूनच कळावं लागत होतं, आणि कळत होतंही.

पहिली गोष्ट बघायची ती वेताळाची जागा. मुलांच्या पुस्तकांतला राक्षस बहुधा समोर उभा असतो. दात विचकून, नखं पसरून. शंकर यांनी वेताळ राजाच्या खांद्यावर, पाठीकडे टाकला. राजाची नजर पुढच्या वाटेवर आहे. मागे काय लोंबतंय ते त्याला दिसत नाही, आपल्याला दिसतं. चित्र बघणारं पोर त्या क्षणी राजापेक्षा जास्त जाणतं. त्याला ओरडून सांगावंसं वाटतं आणि सांगता येत नाही. शिवाय खांद्यावर असल्यामुळे वेताळाचं तोंड राजाच्या कानाशी आलं आहे. गोष्ट सांगणाऱ्यासाठी याहून चांगली जागा कुठली? धाक आणि कथा या दोन्हींची सोय एकाच मांडणीत लावून ठेवली आहे.

आता ओझ्याकडे बघा. प्रेत म्हणजे मेलेलं वजन, आणि वेताळ तर वाऱ्यासारखा. झाडावर परत जायला त्याला क्षण पुरतो. हे दोन्ही एकाच आकृतीत दाखवायचं होतं. शरीर जड दिसतं, कारण ते स्वतःला सावरत नाही. सगळा भार राजाच्या खांद्यावर आणि त्याला आवळून धरणाऱ्या हातावर आहे. केस मात्र हलके, त्यांना कसलंच वजन नाही. जडपणा प्रेताचा, हलकेपणा वेताळाचा. कथेत जे सांगायला चार वाक्यं लागतात, ते इथे देह आणि केस एवढ्या दोन गोष्टींत सांगून झालं आहे. छपाईत पांढरा रंग म्हणजे पुष्कळदा न छापलेला कागदच असतो. एवढ्या काळोखात शाई जिथे थांबते, तिथेच नजर आधी जाते. सगळ्यांत भयंकर जागेला सर्वांत कमी शाई! ही काटकसर ज्याला साधते तो खरा रेखाटनकार.

आमच्या राहुरीकडे वेताळ कुणाला नवा नव्हता. या भागातल्या दंतकथेप्रमाणे मोहिनीने राहूचं मुंडकं उडवलं तेव्हा शिर राहुरीला पडलं आणि काया गोदावरीकाठच्या कायगावला. मोहिनीराजाचं देऊळ शेजारच्या नेवाशात आहेच. म्हणजे इथलं पोर धडाविना राहिलेल्या शिराची गोष्ट ऐकतच मोठं होतं. नवनाथांच्या पोथीत मच्छिंद्रनाथ वेताळाला नमवतात, कानिफनाथांची मढी याच जिल्ह्यात. गावोगावचा वेताळ म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा. त्याला ना नाक, ना डोळे. कोकणात आरवलीच्या वेतोबाला चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो म्हणे आणि त्या झिजतात. देव फिरणारा, पण फिरताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. अशा ऐकीव वेताळाला फासळ्या, हात, केस देणं हे धाडसच. मुलाच्या मनातला वेताळ चित्रातल्यापेक्षा भयंकर असेल तर चित्र फसतं. ‘चांदोबा’तलं चित्र फसलं नाही, याचं कारण त्यातला वेताळ एकटा नाही. त्याला उचलून नेणारा कुणीतरी आहे, आणि तो पाय रोवून चालतो आहे.

राजाच्या त्या चालीवर माझा विशेष जीव आहे. तो पळत नाही आणि दबकतही नाही. मानेचा ताठपणा, पायांतलं अंतर, तलवारीची पकड, सगळं एका लयीत आहे. तलवार प्रेतावर चालवायची नाही, स्मशानात दुसरा शत्रू नाही. तरी ती म्यानाबाहेर आहे. शस्त्राचा उपयोग नाही हे ठाऊक असूनही हात सुटत नाही, हे भ्यायलेल्या पण न थांबणाऱ्या माणसाचं किती नेमकं लक्षण आहे!

‘चांदोबा’च्या याच काळात, १९६३ साली, तिकडे अमेरिकेत मॉरिस सेंडॅक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ आलं. त्यातला मॅक्स राक्षसांच्या पिवळ्या डोळ्यांत डोळे घालून त्यांना वश करतो आणि त्यांचा राजा होतो. फार सुंदर पुस्तक आहे ते. पण तिथे राक्षस मुलाचं ऐकतात. आपल्याकडचा वेताळ राजाचंही ऐकत नाही. प्रश्न विचारतो, उत्तर येत असूनही गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील म्हणतो, आणि उत्तर मिळताच प्रेतासकट झाडावर परत. भुताला जिंकायची गरजच नाही, त्याच्याशी बोलता येतं, अशी ही योजना मला सेंडॅकच्या राक्षसांपेक्षाही मोठी वाटते. इतकं प्रेमाने भिववणारं भूत माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

मूळ वेताळपंचविशी पंचवीस गोष्टींत संपते, राजाला प्रेत आणायला पाठवणाऱ्या कपटी गोसाव्याचा डाव उघडा पडतो. मासिकाने ती संपू दिली नाही. पंचवीस सरल्यावर नव्या गोष्टी रचून त्याच चौकटीत बसवल्या, दशकानुदशकं. गोष्ट दर महिन्याला नवी आणि चालणारा राजा तोच. सुरुवातीचं चित्र एखाद्या ठरावीक प्रसंगाला बांधलेलं असतं तर वर्षभरात शिळं झालं असतं. शंकर यांनी मधला क्षण निवडला. झाड मागे राहिलेलं, गोसावी अजून लांब, तोंडून शब्द निघायचा बाकी. या जागी कुठलीही गोष्ट सुरू होऊ शकते. रद्दीत एखादा जुना अंक हाती लागला तर मजकुरावर तळवा ठेवून नुसतं चित्र बघा. आधी पांढरे केस, मग खांदा, मग राजाचे पाय. याच क्रमाने नजर खाली उतरते. ही वाट चित्रकाराने आखलेली आहे.