मिनिटाला किती गोळे? – एक अपुरा प्रश्न

लढाऊ विमानांवरील स्वयंचलित तोफांची गोष्ट लोकप्रिय लेखनात आणि प्रदर्शनांतील तक्त्यांवर बहुधा शिडीसारखी मांडलेली असते. 1862 साली रिचर्ड गॅटलिंगने हाताने फिरवायच्या अनेक नळ्यांच्या बंदुकीचे पेटंट घेतले. 1946 साली अमेरिकेत तीच कल्पना पुन्हा हाती घेतली गेली आणि त्यातून सहा फिरत्या नळ्यांची, 20 मिलिमीटरची 'व्हल्कन' तोफ तयार झाली. वेग मिनिटाला 6000 गोळे! आकडा एवढा मोठा, म्हणून तोफ सर्वश्रेष्ठ. आणि गोष्ट संपली.

ही मांडणी खोटी नाही, पण फसवी आहे. ही तोफ असलेल्या एफ-16 विमानात सुमारे 500 गोळेच मावतात. ते पाच सेकंदांत संपतात. म्हणजे ते 'मिनिट' कधी येतच नाही.

शिडीत न बसणारी दुसरी शाखाही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत माउझरने वेगळी रचना केली. नळी एकच, पण तिच्यामागे रिव्हॉल्व्हरसारखे फिरणारे, पाच काडतुसांचे नळकांडे. एक काडतूस उडत असतानाच इतरांची भरणी सुरू असते. ब्रिटनची 'एडन' तोफ याच कल्पनेवर बनली; आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांवर अशा चार तोफा असत. 2020 साली हवाई दलात दाखल झालेल्या राफेलची 30 मिलिमीटरची तोफही याच कुळातली. तिचा वेग मिनिटाला 2500 गोळे. मग ही 'खालची पायरी' टिकली कशी?

उत्तर साध्या गणितात आहे. हवाई झुंजीत लक्ष्य क्षणभरच समोर येते. म्हणून अर्ध्या सेकंदाचा हिशेब करू. व्हल्कनचे 50 गोळे, प्रत्येकी सुमारे 100 ग्रॅम. एकूण 5 किलो. राफेलचे 21 गोळे, प्रत्येकी सुमारे 240 ग्रॅम, एकूण तेवढेच! शिवाय व्हल्कनच्या जड नळ्यांना जडत्वामुळे पूर्ण गती घ्यायला वेळ लागतो, म्हणून तिचे 50 गोळे पहिल्या अर्ध्या सेकंदात पुरे होतच नाहीत. उलट, तिची उष्णता सहा नळ्यांत वाटली जाते. एका नळीला ती सगळी सोसावी लागते. प्रत्येक रचनेत काही मिळवले आहे, काही सोडले आहे.

तंत्रज्ञानाचा इतिहास शिडी म्हणून शिकवला, तर मुले आकडे पाठ करतात आणि कारणे विसरतात. वर्गात असा तक्ता लावाल तेव्हा खाली एक प्रश्न जरूर लिहा : हा दर किती वेळ टिकतो?