करवतीचा षड्ज

करवतीतून सूर निघतो, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा काकू म्हणाली, "निघू दे. आधी पडवीवर आलेला तो आंब्याचा फाटा काप."

आमच्या रत्नागिरीत कलेचं स्वागत हे असं होतं. पण मी डगमगलो नाही. मूठ गुडघ्यांत दाबली, दाते स्वतःकडे वळवले (कलेसाठी माणसानं आणखी काय करावं?), डाव्या हातानं टोक धरून पात्याला दुहेरी बाक दिला आणि गुळगुळीत कडेवरून राळ लावलेला व्हायोलिनचा गज ओढला. पातं जास्त वाकवलं की सूर चढतो. गजही टोकाकडे सरकवावा लागतो. मार्लीन डीट्रिच या नटीनं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांपुढे करवत वाजवली होती. मी शेजाऱ्यांपुढे वाजवली. सैनिक जास्त सोशिक असावेत.

आता पक्षपात न करता मत सांगतो. मींड घ्यावी ती करवतीनंच. एका सुरावरून दुसऱ्यावर ती अशी घरंगळते की मधला सांधा सापडू नये. पण सूर तोडायचा म्हटलं तर तुटत नाही. जी कापण्यासाठी जन्मली तिलाच सूर कापता येऊ नये! द्रुत तान म्हणजे तर सांडलेली आमटी. एकदा हरकत घ्यायला गेलो, तर शेजाऱ्यांनीच हरकत घेतली.

तरीपण 'हे काय वाद्य आहे?' हा प्रश्न मला मान्य नाही. पेटीवर मींड निघत नाही, अशा आक्षेपांपायी रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. चिनी मातीच्या वाडग्यांत पाणी ओतलं की त्याचं जलतरंग होतं. म्हणजे वाद्य कुठून आलं हे बघायचं नसतं. कानाला काय मिळालं ते बघायचं.

हे मला कळलं ते नवरात्रातल्या अष्टमीला. तांदळाच्या उकडीचा मुखवटा घडवून महालक्ष्मी उभी केली होती. रात्री बायका घागरी फुंकायला लागल्या. काकूची पाळी आली. घागरीच्या तोंडावरून फुंकर गेली आणि आतली हवा घुमू लागली. एकच सूर, पण खोल, भरलेला. काकूला लहानपणी गाणं शिकायचं होतं. वडील 'नाही' म्हणाले. तेव्हापासून तिची मैफल वर्षातून एकदा, घागरीत.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत म्हटलं, "काकू, जरा घागर फुंक ना." ती फुंकत राहिली. तिच्या सुरात मी करवतीचा षड्ज मिळवला आणि एक लांब मींड ओढली.

"थरथरतोय रे," काकू म्हणाली. "परत घे."

परत घेतली. पाच वेळा. साठ वर्षांत काकूला पहिल्यांदाच कुणी साथीला घेतलं होतं, आणि ती सोडायला तयार नव्हती.

आंब्याचा फाटा अजून पडवीवर आहे. त्याचं नावही ती काढत नाही.