तृप्ती मित्र यांचा अभिनय : नंदिनीच्या पलीकडे

आधुनिक बंगाली रंगभूमीच्या इतिहासात तृप्ती मित्र (१९२५-१९८९) यांचा उल्लेख बहुधा दोन प्रकारे होतो : शंभू मित्र यांच्या पत्नी म्हणून आणि ‘रक्तकरबी’तील नंदिनी म्हणून. दोन्ही उल्लेख यथार्थ आहेत. परंतु त्यामुळे या अभिनेत्रीच्या कर्तृत्वाचे श्रेय दिग्दर्शक व नाटककार यांच्यात वाटले जाते आणि तिच्या वाट्याला ‘सहज अभिनय’ एवढे एक गुळगुळीत विशेषण उरते. प्रस्तुत लेखात या विशेषणाचीच तपासणी करावयाची आहे.

दिनाजपूरच्या तृप्ती भादुडी १९४३ साली, बंगालच्या दुष्काळात, बिजन भट्टाचार्य यांच्या ‘आगुन’ या नाटकातून रंगमंचावर आल्या. त्यानंतर ‘इप्टा’चे ‘नवान्न’ (१९४४), ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘धरती के लाल’ (१९४६) हा चित्रपट आणि १९४८ मध्ये स्थापन झालेली ‘बहुरूपी’ असा त्यांचा प्रवास झाला.

रवींद्रनाथांचे ‘रक्तकरबी’ प्रयोगक्षम नाही, असा समज रूढ होता. १९५४ मध्ये ‘बहुरूपी’ने तो खोटा ठरविला. या नाटकातील राजा बहुतांश काळ जाळीआड असतो. नंदिनी संवाद करते तो केवळ एका आवाजाशी. म्हणजे राजाचे सामर्थ्य, त्याचा थकवा, त्याची भूक हे सारे प्रेक्षकाला दिसावयाचे ते तिच्या चेहऱ्यावर आणि हालचालींत. ऐकण्याची एवढी कठोर शिस्त मागणाऱ्या भूमिकेला केवळ ‘सहज’ म्हणणे हा समीक्षेचा आळस होय.

१९५८ मधील ‘पुतुलखेला’त कसोटी उलट आहे. इब्सेनचे हे नाटक मराठी वाचकास अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मुळे परिचित आहे. येथे नोराची बुलू झाली. बुलूचे लाडिक बोलणे हाच मुळात एक अभिनय आहे, नवऱ्याला आवडतो म्हणून अंगवळणी पडलेला. तो खोटा वाटला तर पहिला अंक कोसळतो; पूर्ण खरा वाटला तर शेवटी घर सोडणारी बाई कोठून आली, हे उमगत नाही. सहजतेचा अभिनय करणे, हे सहज असण्याहून कितीतरी अवघड. पुढे नितीश सेन यांच्या ‘अपराजिता’त त्यांनी एकटीने संपूर्ण रंगमंच सांभाळला.

त्यांचे चित्रपट थोडे. त्यामुळे आजच्या अभ्यासकाला नाट्यसंहितेवरून अनुमान करावे लागते. तथापि ऋत्विक घटक यांच्या ‘जुक्ती तक्को आर गप्पो’मधील दुर्गा अजूनही पाहता येते. मद्यपी नीलकंठाचे घर ती आरंभीच मुलासह सोडते. बुलूच्या बाहेर पडण्याशी हे दृश्य ताडून पाहावे. येथे जागृतीचा क्षण नाही, तो केव्हाच होऊन गेलेला आहे. उरली आहे ती सामानाची आवराआवर.