सार्वजनिक वास्तूंचा अंतर्भाग आणि छायाचित्रण : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांची जी छायाचित्रे ग्रंथांत, स्मरणिकांत व शासकीय पुस्तिकांत आढळतात, त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. ताडोब्यातील वाघ व वनश्री हा एक आणि आदिवासी चेहरा हा दुसरा. वास्तूंची छायाचित्रे असलीच, तर ती बहुधा बाहेरून घेतलेली असतात. चंद्रपूरच्या परकोटाचा जटपुरा दरवाजा, बल्लारपूरचा किल्ला, वैनगंगेकाठच्या मार्कंडा मंदिराचे शिल्पांकित बाह्यांग ही त्यांची ठरलेली उदाहरणे होत. परंतु वास्तू ही आत शिरण्यासाठी बांधलेली असते. तिच्या अंतर्भागाचे आशयगर्भ छायाचित्र या प्रदेशात दुर्मीळ का आहे, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

तंत्राची अडचण प्रथम लक्षात घेतली पाहिजे. मनुष्याचा डोळा अंधाराला सरावतो. दारातील लख्ख ऊन आणि कोपऱ्यातील काळोख या दोहोंचा तो मेळ घालतो. कॅमेऱ्याला एका क्षणात हे साधत नाही. दार नीट दिसले तर आतील भाग काळा पडतो आणि आतील भाग दिसला तर दार पांढरे फटफटीत होते. यावर फ्लॅश हा सर्वांत सोपा व सर्वांत वाईट उपाय होय. फ्लॅशचा प्रकाश समोरून आदळतो, मूर्तीची खोली नाहीशी करतो आणि ज्या अंधारामुळे गाभारा गाभारा वाटतो तो अंधारच पुसून टाकतो.

भद्रावतीजवळील विजासन लेणी या दृष्टीने विचारार्ह आहेत. खडकात सरळ आत गेलेला लांब बोळ आणि त्याच्या टोकाशी गाभाऱ्यात बसलेली बुद्धमूर्ती, अशी येथील रचना आहे. प्रकाश येतो तो प्रवेशद्वारातूनच, आणि पावलागणिक मंद होत जातो. कारागिराने योजिलेला अनुभव हा या मंदावत जाणाऱ्या उजेडाचा आहे. प्रचलित छायाचित्रांत मात्र फ्लॅशने उजळलेली मूर्ती जवळून दाखविलेली असते; बोळ गायब असतो. अशा चित्रावरून मूर्तीची ओळख पटते, लेण्याची पटत नाही. बोळाच्या आरंभी कॅमेरा स्थिर ठेवून, काही सेकंदांचे एक्स्पोजर देऊन, मूर्तीला दूर व अंधूकच राहू देणारे छायाचित्र अधिक सत्य ठरेल. अजिंठ्याच्या बाबतीत हे सिद्ध झालेले आहे. रॉबर्ट गिल यांनी एकोणिसाव्या शतकात काचेच्या ओल्या प्लेटवर तेथील लेण्यांची छायाचित्रे घेतली, तर १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बिनॉय बहल यांनी अत्यंत मंद प्रकाशात दीर्घ एक्स्पोजरने भित्तिचित्रे टिपली. त्यांतील रंग पाहून अनेक अभ्यासकांना मूळ चित्रांचा नव्याने विचार करावासा वाटला. येथे अडचण तिपाईची येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जुलै २०१८ मध्ये, अजिंठा, ताजमहालातील कबरीचा भाग व लेह राजवाड्यातील चित्रे वगळता, केंद्रीय संरक्षित स्मारकांत छायाचित्रणास मुभा दिली. पण तिपाईसाठी स्वतंत्र परवानगी लागते. ती नसेल तर खांबाला पाठ टेकावी अथवा कॅमेरा सरळ जमिनीवर ठेवावा. जमिनीवरून घेतलेले चित्र पुष्कळदा अधिक चांगले येते, हे अनुभवाअंती ध्यानात येते.

मार्कंड्याचा प्रश्न निराळा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात हा मंदिरसमूह पाहिला व त्याची शैली खजुराहोशी जुळती असल्याचे नोंदविले. मुख्य मंदिरावर वीज पडून शिखराचा भाग सभामंडपावर कोसळल्याचे आणि पुढे गोंड राजवटीत आधारासाठी आत जाडजूड खांब घालून दुरुस्ती केल्याचेही वृत्तांत सांगतात. मार्कंड्याच्या छायाचित्रांत या ओबडधोबड खांबांना स्थान मिळत नाही. कोरीव शिल्पे जवळून टिपून सौंदर्य सिद्ध केले जाते. वस्तुतः नाजूक कोरीव काम आणि त्याला सावरणारा राकट दगड एकाच चौकटीत आले, तर वास्तूचा सारा इतिहास एका दृष्टिक्षेपात उभा राहतो. अलीकडच्या काळात मंदिराचे दगड उतरवून पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. असे काम झाल्यानंतर आधीच्या अंतर्भागाचा पुरावा म्हणून छायाचित्रांखेरीज फारसे काही उरत नाही. ‘सुंदर’ छायाचित्राने वगळलेले खांब तेव्हा कोठून आणावयाचे?

आधुनिक इमारतींविषयी थोडक्यात. चंद्रपूर व बल्लारशाह या रेल्वे स्थानकांना २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या सुशोभीकरण स्पर्धेत प्रथम क्रमांक मिळाला. त्यानंतरची बहुतेक छायाचित्रे भिंतींवरील वाघ-हरणांची आहेत. त्या भिंतीखाली गाठोडे उशाला घेऊन निजलेला प्रवासी चौकटीबाहेर राहतो.

गोटूलचा विचार सर्वांत नाजूक आहे. व्हेरिअर एल्विन यांच्या १९४७ च्या ग्रंथाने शेजारच्या बस्तरमधील मुरिया गोटूल जगाला परिचित केले. त्यातील छायाचित्रांचे मोल निःसंशय मोठे आहे. पण युवक-युवतींचे अलंकार, कंगवे व नृत्य यांनाच त्यांनी गोटूलची ओळख बनविले आणि पुढील अनेकांनी तीच चौकट गिरविली. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या अशा गावात गोटूल ही सभेची जागा आहे. तेथे नृत्य शोधणारा छायाचित्रकार रिकाम्या हाताने परततो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, नृत्य करावयास सांगतो.

सभेत माणसे भुईवर बसतात. उभ्याने घेतलेल्या चित्रात त्यांची फक्त डोकी दिसतात आणि ते तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेचे चित्र होते. आधी सभेची अनुमती घेऊन, मग सर्वांबरोबर खाली बसून चित्र घेतले, तर बोलणाऱ्याचा हात, ऐकणाऱ्यांचे चेहरे आणि वरचे लाकडी आढे ही तिन्ही एकाच चौकटीत येतात. अनुमती मिळाली नाही, तर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा आणि सभा ऐकावी.