कबर आणि खाण : ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील जागेचा तंटा

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वर्गात शिकविली जाते तेव्हा तिचा आशय बहुधा एका वाक्यात आटोपला जातो : भूक माणसाला प्रेताच्या तोंडातील सोन्यापर्यंत नेते. हे खोटे नाही. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो, उपनगरातील दगडखाणीत कामाला लागतो, खाण बंद पडते. हताश अवस्थेत त्याला स्मशानातील राखेत सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळू लागतो आणि पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. एका रात्री कबरीवर जमलेल्या कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, त्यांतील दोन बोटे त्याला गमवावी लागतात आणि त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दारिद्र्य, लाचारी, माणसातील जिद्द ही सूत्रे या कथानकात आहेतच. तथापि या सूत्रांवर थांबणाऱ्या समीक्षेने कथेतील एका गोष्टीकडे पुरेसे पाहिलेले नाही. ती गोष्ट म्हणजे जागा. कथेतील झुंज कोठे होते, ती जमीन कोणाची आहे आणि तिच्यावर कोण कोण हक्क सांगत आहे, हे प्रश्न विचारले की कथेचा अर्थ बराच बदलतो.

भीमाची वस्ती जंगलाच्या कडेला आहे. त्याच कडेला खाण आहे, त्याच कडेला स्मशान आहे आणि कोल्हे आहेत. कथाकाराने रचलेला हा योगायोग नव्हे. शहराला जे हवे असते पण डोळ्यांसमोर नको असते, ते सर्व शहराच्या वेशीवर नेऊन ठेवले जाते. दगड हवा, पण सुरुंगाचा आवाज नको. मजूर हवा, पण त्याची झोपडी नको. मृतांना जागा द्यावी लागते, पण ती दूर असावी. १९२० साली वाटेगावात जन्मलेल्या आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिलेल्या या लेखकाला शहराची कड पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. भुतांचे भय घालणाऱ्या बायकोला कथेतील भीमा जे उत्तर देतो, त्याचा आशय असा की खरी भुते रानात नसतात, ती मुंबईत असतात. या उत्तराकडे सहसा विनोदी फटकारा म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात ते जागेविषयीचे विधान आहे : ज्या बाजूला भय आहे असे शहर मानते, त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला भीमा भय दाखवीत आहे.

शीर्षकातील ‘स्मशान’ या शब्दाकडेही लक्ष द्यावयास हवे. कथेत राख चाळणे आणि कबर उकरणे या दोन्ही क्रिया या एकाच शब्दाच्या कक्षेत येतात. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या १९९२ च्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या संग्रहात कथेचे इंग्रजी भाषांतर ‘गोल्ड फ्रॉम द ग्रेव्ह’ या नावाने आले आणि स्मशानाची कबर झाली. भाषांतरकाराचा नाइलाज समजण्यासारखा असला तरी त्यात काही हरवले. महानगरपालिकेच्या कागदोपत्री हिंदू स्मशानभूमी, मुस्लिम कब्रस्तान, ख्रिस्ती दफनभूमी अशी विभागणी असते. भीमाच्या स्मशानावर असा फलक नाही. भीमाला धर्म दिसत नाही, श्रीमंती दिसते. ज्याच्या राखेत सोने तो कोण होता, एवढेच त्याला कळते. मुंबईकरांच्या बोलीत स्मशानासाठी ‘सोनापूर’ हे नाव रुळले आहे. मरीन लाइन्सजवळच्या जुन्या दफन-दहनभूमीला हे नाव होते आणि उपनगरांतही ते आढळते. या नावाची फोड कोणी ‘सोने’ या धातूवरून करतात, कोणी हिंदीतील ‘सोना’ म्हणजे निजणे या क्रियापदावरून. कोणती फोड खरी याचा निवाडा येथे आवश्यक नाही. अण्णा भाऊंच्या शीर्षकाने मात्र पहिली फोड शब्दशः खरी करून दाखविली आहे.

स्मशानातील तंटा भारतीय साहित्याला नवा नाही. महाभारताच्या शांतिपर्वातील गृध्रगोमायुसंवाद या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. एका बालकाचे प्रेत घेऊन आप्त स्मशानात आले आहेत. गिधाड त्यांना सांगते, दिवस आहे तोवर घरी जा. कोल्हा सांगतो, थांबा, सूर्यास्त होईपर्यंत थांबा. दोघांच्याही मुखी वैराग्याची आणि स्नेहाची भाषा आहे. गिधाड दिवसा खाणारे, कोल्हा रात्रीचा, एवढाच त्या साऱ्या तत्त्वचर्चेचा गाभा आहे. आनंदवर्धनाने आणि पुढे मम्मटाने या संवादाचा दाखला दिला तो नेमका यासाठी की येथील व्यंग्यार्थ कोणत्याही एका वाक्यात नाही, तो सबंध प्रबंधातून प्रकट होतो.

‘स्मशानातील सोनं’ला हीच कसोटी लावली पाहिजे. कथेतील सुट्या वाक्यांतून, निवेदकाच्या भाष्यातून दारिद्र्याची करुणा हाती लागते. सबंध रचना पाहिली तर वेगळेच काही दिसते. कथा खाणीपासून निघते, कबरीपर्यंत जाते आणि खाणीच्या बातमीशी थांबते. भीमाचे हत्यार पहार आहे. खडक फोडण्याचे जे कसब, जे बाहुबळ त्याने खाणीत वापरले तेच तो कबरीवर वापरतो. जमीन उकरणे हाच त्याचा धंदा. पहिल्या ठिकाणी तो मजूर ठरतो, दुसऱ्या ठिकाणी गुन्हेगार. त्याने काम बदललेले नाही, उकरण्याची जमीन तेवढी बदलली आहे. या रचनेमुळेच शेवटी गेलेली बोटे केवळ शिक्षा वाटत नाहीत. ती दगड फोडणारी बोटे आहेत. खाण उघडण्याच्या क्षणी ती नसणे हा कथेचा खरा आघात आहे. बातमी नेमकी त्याच वेळी यावी यात नाटकीपणा आहे आणि तो दोष म्हणून मान्य करावयास हरकत नाही. पण हा योगायोग काढून टाकला तर कथेची चौकटच निखळते.

कोल्ह्यांच्या चित्रणाबाबत मात्र लेखकाला इतक्या सहजी सोडता येत नाही. कथेतील कोल्हे टोळीने चालून येतात, माणसावर तुटून पडतात, त्यांच्यात एक प्रकारची सैनिकी जिद्द आहे. प्रत्यक्षातील कोल्हा बहुधा जोडीने किंवा लहान कुटुंबाने राहतो. उंदीर, खेकडे, फळे, उकिरड्यावरचे अन्न, मेलेली जनावरे असे मिळेल ते खातो आणि माणसाची चाहूल लागताच पळतो. उथळ कबर तो उकरतो हे खरे. कबरीवर दगड आणि काटेरी फांद्या रचण्याची ग्रामीण प्रथा त्यातूनच आलेली आहे. पण पहार घेतलेल्या माणसाशी रात्रभर युद्ध मांडणारा कोल्हा हा निसर्गातला नव्हे, वीरकथेतला आहे. अण्णा भाऊंना येथे भीमाच्या पराक्रमाला साजेसा शत्रू हवा होता. परिणामी ज्या प्राण्याची स्थिती भीमाच्या स्थितीशी सर्वांत जवळची आहे, तोच कथेत केवळ क्रौर्याचा पुतळा होतो. दोघे एकच कबर उकरीत आहेत, दोघांनाही दिवसा तेथे येण्याची सोय नाही, दोघांचेही खाद्य शहराने टाकलेल्यातून येते. कथेची रचना हे साम्य दाखविते, निवेदकाची भाषा ते झाकते. शांतिपर्वातील कोल्ह्याला निदान बोलू दिले आहे.

गिधाडाकडे वळले की हाच तंटा उलट्या बाजूने दिसतो. मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाजाचे दखमे आहेत. पन्नास एकरांहून मोठी ही वनराई मुंबईच्या अत्यंत महाग जमिनीवर आहे. येथे पक्षी घुसखोर नव्हता, अंत्यविधीचा अधिकृत भागीदार होता. १९९० च्या दशकात गिधाडे नाहीशी होऊ लागली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातो आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसविण्यात आले. समाजात दहनाचा पर्याय स्वीकारावा की नाही यावर तीव्र मतभेद झाले आणि २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत पारशी दहनविधींसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. कोविडच्या काळात दखम्यातील विधीला मनाई झाल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२२ साली मान्य झालेल्या कार्यपद्धतीत पक्ष्यांना प्रेतापर्यंत पोहोचता येऊ नये म्हणून जाळीची तरतूद होती. ज्या वास्तूचे प्रयोजनच पक्षी हे होते, तिच्यावर पक्ष्यांपासून बचावाची जाळी, ही घटना कोणत्याही कथेत अतिशयोक्त वाटली असती. प्राणी निघून गेल्यावरही जागेचा प्रश्न सुटत नाही, तो अधिक अवघड होतो, एवढे यातून दिसते.

भीमाच्या मुंबईची कड आता पुढे सरकली आहे. तिचे आजचे एक टोक देवनार-गोवंडीत आहे, चिरागनगरापासून फार दूर नाही. तेथे १९२७ पासूनची कचराभूमी आहे, कत्तलखाना आहे, खाडीची कांदळवने आहेत आणि दाट वस्ती आहे. त्याच टापूत मृतांसाठी जागा मिळत नाही, ही तक्रार तेथील रहिवाशांनी जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात नेली. चर्चेतील जागांपैकी एक कचराभूमीला लागून होती, एक आणिक येथील होती. प्रतिष्ठेने दफन होण्याचा हक्क इतर हक्कांइतकाच महत्त्वाचा आहे, असे न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. त्याच वर्षी चेंबूर-ट्रॉम्बे परिसरातील काही कोल्ह्यांना रेबीज झाल्याचे निदान झाले आणि शहराला अचानक आठवले की आपल्यात कोल्हे आहेत. (या जातीला मराठीत सोनेरी कोल्हा म्हणतात. अण्णा भाऊंच्या शीर्षकाशी याचा संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा.) दफनभूमीची मागणी आणि कोल्ह्यांचा आजार या दोन बातम्या वेगवेगळ्या स्तंभांत छापल्या गेल्या. त्यांचा भूगोल एकच होता.

येथे एक आक्षेप संभवतो. कथा ही कथा आहे, तिला नगररचनेचा पुरावा म्हणून का वापरावे? आक्षेप योग्य आहे. कथेतून किती एकर जमीन अपुरी पडते हे कळत नाही, कळू नये. कायदा ज्या गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो त्या एका रात्रीत, एका खड्ड्याभोवती आणून उभ्या करणे हे मात्र कथेला साधते. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात मृतांच्या विल्हेवाटीच्या जागांविषयी स्वतंत्र तरतुदी आहेत. मृतदेहालाही प्रतिष्ठा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली परमानंद कटारा प्रकरणात मान्य केले. मे २०२० मध्ये वांद्र्याच्या दफनभूमीत कोविडने मृत झालेल्यांचे दफन रोखू पाहणारी शेजाऱ्यांची मागणी उच्च न्यायालयाने याच तत्त्वाच्या आधारे फेटाळली. हा निर्णय निःसंशय योग्य होता, कारण शेजाऱ्यांचे भय हे मृताला जागा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. वन्यप्राण्यांसाठी १९७२ चा कायदा आहे. आणि भीमासाठीही कायदा आहे : दफनभूमीतील अतिक्रमण हा १८६० च्या दंड संहितेच्या कलम २९७ खालील गुन्हा होता, आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ मध्ये आहे. कथेतही पोलीस स्मशानावर पहारा ठेवतात. खाण बंद पडली तेव्हा मात्र कोणी पहारा ठेवायला आले नव्हते.

मृताचा हक्क, प्राण्याचे संरक्षण आणि अतिक्रमणाची शिक्षा या तिन्ही तरतुदी आपापल्या जागी रास्त आहेत. तरी तिघांनाही एकाच कडेला कोणी आणून सोडले, हे त्यांतील एकही सांगत नाही. कथेत तो प्रेताचा धनी आहे, भीमा आहे आणि कोल्हे आहेत. चौथा पक्ष, म्हणजे खाणीचा मालक, कथेत कोठेच समोर येत नाही. खाण बंद होते आणि सुरू होते, इतकेच त्याचे अस्तित्व.