टाका आणि छटा : हातच्या टेडीचा चेहरा

१९८५ साली रॉबर्ट हाइंड आणि एल. ए. बार्डन या संशोधकांनी केंब्रिजच्या एका संग्रहालयातल्या टेडी अस्वलांची डोकी मोजली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अस्वले कपाळाने बसकी आणि मुस्कटाने लांब होती. पुढे कपाळ चढत गेले, मुस्कट आखूड होत गेले आणि अस्वलाचा चेहरा तान्ह्या बाळाकडे सरकत गेला. दहा वर्षांनी झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अशा बाळसेदार चेहऱ्याची ओढ सहा-आठ वर्षांच्या मुलांत दिसली, चार वर्षांच्या मुलांत मात्र दिसली नाही. टेडीचा चेहरा घडवण्यात खेळणाऱ्या लहानग्यांपेक्षा विकत घेणाऱ्या मोठ्यांचाच हात अधिक, असा त्याचा अर्थ. आजचे हातचे टेडी तर बहुतेक मोठ्यांनी मोठ्यांच्या संग्रहासाठीच केलेले असतात. कापड, हत्यारे आणि कसब यांची इतकी श्रीमंती या कलेने पूर्वी पाहिली नव्हती. तरीही पन्नास चेहरे पाहून उठावे आणि त्यातला एकही डोळ्यांसमोर राहू नये, असे हल्ली वारंवार होते. असे का होते, ते टाक्याटाक्याने पाहायला हवे.

सुरुवात १९०२ची. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रूझवेल्ट यांच्या अस्वलाच्या शिकारीवरचे क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र गाजले आणि ब्रुकलिनच्या मॉरिस मिक्टम यांच्या दुकानात ‘टेडी’ अवतरला. त्याच सुमारास जर्मनीतल्या गिंगेन गावात मार्गारेटे श्टाइफ यांच्या खेळण्यांच्या कारखान्यात त्यांचा पुतण्या रिचर्ड हातपाय हलणारे अस्वल बेतत होता. त्याने श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात बसून खऱ्या अस्वलांची रेखाटने केली होती. त्यामुळे श्टाइफच्या पहिल्या अस्वलांना पाठीवर कुबड आहे, हात लांब आहेत आणि मुस्कट पुढे आलेले आहे. १९०७ साली या कारखान्याने साडेनऊ लाखांहून अधिक अस्वले केली. ती एकाच बेतावर कापलेली, पण नाक-तोंड हाताने भरलेली आणि डोळे हाताने बसवलेले. म्हणूनच संग्राहक आजही त्यांना एकेकट्या चेहऱ्याने ओळखतात.

चेहऱ्याचे पहिले गमक कातरीखाली ठरते. डोक्याचे मुख्य तुकडे तीन असतात : दोन बाजू आणि नाकापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी. आपल्याकडचे शिंपी जिला कळी म्हणतील, तीच ही. कळी रुंद केली की कपाळ भरते आणि डोळे दूर जातात. अरुंद केली की चेहरा चिंचोळा, काहीसा शहाणा दिसू लागतो. डोळ्यांच्या रेषेशी कळी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर वेगळेच अस्वल जन्माला येते. जुन्या काळी मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचे, महाग कापड वाया जाऊ नये म्हणून श्टाइफने काही अस्वलांची कळी दोन तुकड्यांत कापली. चेहऱ्याच्या मधोमध शिवण असलेली ही अस्वले संग्राहकांना आज विशेष प्रिय आहेत. शिवणीची तेवढी ओढही चेहऱ्याला वेगळा भाव देते.

मग भरण. पूर्वी लाकडाचा बारीक कीस ठासून भरत. तो घट्ट बसे आणि आकार धरून ठेवी. आजही जुन्या पद्धतीने काम करणारे नाकाचा शेंडा आधी भरतात, तो काठीने चेपून टणक करतात आणि मगच गालांकडे वळतात. सिंथेटिक कापूस हलका आणि धुता येण्याजोगा असतो, पण पोकळ भरलेल्या मुस्कटावर नाक भरायला घेतले की प्रत्येक टाक्याबरोबर कापड आत बसते. पुढे कितीही छटा दिल्या तरी हे पोकळपण लपत नाही.

डोळ्यांची जागा शोधण्याचे काम एकदा जवळून पाहावे. भरलेले डोके मांडीवर घ्यायचे आणि काळ्या डोक्याच्या दोन टाचण्या टोचायच्या. थोडे वर, थोडे खाली, थोडे जवळ. प्रत्येक वेळी डोके हातभर दूर धरून पाहायचे. टाचण्या कानांकडे गेल्या की अस्वल घाबरलेले वाटते, नाकाजवळ आल्या की विचारात पडलेले. मग एका जागी ते एकदम आपल्याकडे पाहू लागते. ती जागा सापडली की लांब सुईने काचेच्या डोळ्यांचा दोरा डोक्यातून आरपार काढून मागे, कानाआड किंवा मानेच्या तळाशी ओढून गाठ मारायची. दोरा ताणला जातो, डोळा खोबणीत बसतो आणि भुवईचा उंचवटा आपोआप वर येतो.

लहान मुलांच्या खेळण्यांत हे स्वातंत्र्य उरत नाही, आणि त्याचे कारण रास्त आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये वेंडी बॉस्टन यांनी उपटून न निघणारे डोळे आणले. असे डोळे कापडाला आतून अडकवावे लागतात, म्हणजे भरण घालण्यापूर्वीच. डोके हातात येण्याआधीच नजरेचा निर्णय झालेला असतो. मोठ्यांसाठी करणाऱ्या कलाकारावर असे काही बंधन नसते. तरीही अनेक जण तयार कागदी नमुन्यावर छापलेल्या खुणेवरच डोळे बसवून मोकळे होतात, याची खंत वाटते.

नाक ही करणाऱ्याची सही. जाड, पिळदार सुती दोऱ्याने भरीव टाका घालायचा. टाके उभे की आडवे, नाक त्रिकोणी की ढालीसारखे, हे ज्याच्या त्याच्या हातावर. इंग्लंडच्या चिल्टर्न कारखान्याच्या जुन्या अस्वलांत नाकाच्या दोन्ही टोकांचे टाके वर चढवलेले असतात आणि जाणकार तेवढ्यावरून घराणे सांगतो. आजचे कलाकार भरलेल्या नाकावर मधमाशीचे मेण घासतात, ते उष्णतेने दोऱ्यात मुरवतात, पुन्हा थर देतात आणि घासून चकाकी आणतात. ओलसर, जिवंत नाकाचा हा भास सुंदर असतो. मात्र टाके एकसारखे ताणलेले नसतील, तर मेण तो दोष झाकत नाही, उलट उठून दाखवते.

१९८०च्या दशकापासून टेडी हे कलाकाराचे माध्यम झाले. आता रशिया, युक्रेन, जपानपर्यंत त्याचे उत्तम कारागीर आहेत. त्यांच्या हातांनी कामाची भाषा खूप वाढवली. डोळ्याच्या कोपऱ्यातून ओठाच्या टोकाकडे दोरा ओढून गालाला खळी पाडणे, मुस्कटावरची लव बारीक कातरून हाडाचा आकार वर आणणे, सुईने लोकर टोचून ओठ घडवणे, चामड्याच्या पापण्या, बुबुळाभोवती पांढऱ्या फेल्टची कड, तैलरंग आणि एअरब्रशने दिलेल्या छटा. यातले प्रत्येक तंत्र अभ्यासाने कमावलेले आहे आणि मला त्याचा मनापासून आदर आहे.

माझा आक्षेप आहे तो क्रमाविषयी. ओढलेला दोरा, कातरलेली लव, घट्ट भरण ही तंत्रे आकार घडवतात. रंग आकाराची आठवण करून देतो. आधी आकार आणि मग त्याला हलकी छटा, हा क्रम पाळला तर चेहरा खोल होतो. हल्ली मात्र सपाट, ढिल्या भरलेल्या डोक्यावर सगळी खोली रंगानेच उभी करण्याचा कल वाढला आहे. याचे कारणही कळण्यासारखे आहे : बहुतेक अस्वले आता समोरून काढलेल्या एका छायाचित्रावरून विकली जातात आणि त्या एका कोनातून रंगवलेली खोबण खरीच वाटते.

पण अस्वल खिडकीपाशी न्यावे आणि सावकाश फिरवावे. सुईने घडवलेल्या खोबणीतली सावली उजेडाबरोबर सरकते. तोच चेहरा सकाळी गंभीर दिसतो, दिवेलागणीला मऊ होतो. रंगवलेली सावली जागची हलत नाही. झुकलेल्या भुवया, अर्धमिटल्या पापण्या आणि डोळ्यांखालची काळिमा मिळून एकच करुण भाव पक्का करून टाकतात. तो पहिल्या भेटीत काळजाला हात घालतो आणि दहाव्या भेटीत जसाच्या तसा असतो. पन्नास चेहऱ्यांतला एकही लक्षात न राहण्याचे मूळ मला इथे दिसते.

दुसरी कसोटी काळाची. शंभर वर्षांपूर्वीच्या अस्वलांची लव झिजून कापडाची वीण दिसू लागली आहे, नाकाचे टाके उसवले आहेत, आणि तरी त्यांचा चेहरा शाबूत आहे, कारण तो कळीत, भरणात आणि डोळ्यांच्या ताणलेल्या दोऱ्यात आहे. छटा उन्हाने विटतील, मेणाची चकाकी मंदावेल. त्यानंतर काय उरेल, हे प्रत्येक कारागिराने रंग हातात घेण्यापूर्वी स्वतःला विचारावे. रंग न लावलेले डोके हातभर दूर धरावे. ते आपल्याकडे पाहत नसेल, तर टाचण्या काढून पुन्हा टोचाव्यात.