हातात डबा घेतलेला गायक

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तरीही आपली चर्चा बहुधा कवी, कादंबरीकार आणि नेते यांच्यापाशीच थांबते. बिल विदर्ससारखा कामगार गीतकार-गायक तीत सहसा येत नाही. त्याच्या गाण्यांत विद्रोह नाही, असा आक्षेपही मी ऐकला आहे. मला तो मान्य नाही.

विदर्सचा जन्म १९३८ सालचा, वेस्ट व्हर्जिनियातील स्लॅब फोर्क या कोळसाखाणीच्या गावचा. वडील खाणकामगार, ते वारले तेव्हा हा १३ वर्षांचा. बोलताना अडखळायचा. नौदलात ९ वर्षे काढून तो लॉस एंजलिसला आला आणि विमानांत बसवायचे संडास तयार करण्याच्या कारखान्यात कामाला लागला. १९७१ साली ‘जस्ट ॲज आय ॲम’ ही त्याची पहिली मोठी तबकडी निघाली, तेव्हा त्याची तिशी उलटलेली होती. तिच्या वेष्टनावर तो कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत, हातात डबा घेऊन उभा आहे. संगीताच्या धंद्याचा भरवसा नाही म्हणून त्याने नोकरीही लगेच सोडली नाही.

याच तबकडीत आजीच्या हातांवर एक गाणे आहे. चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, दुखणारे, सुजणारे, नातवाला सावरणारे हे हात. या म्हातारीची कीव करावी असे गाण्यात कुठेही वाटत नाही. १९७२ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘लीन ऑन मी’ हे गाणेही स्लॅब फोर्कमधल्या शेजारधर्मातून आलेले आहे. आणि १९७३ च्या कार्नेगी हॉलमधील मैफलीच्या तबकडीत व्हिएतनाम युद्धात उजवा हात गमावलेला एक सैनिक दुसऱ्याकडून आईला पत्र लिहून घेतो. धाकट्या भावाची सैन्यभरती टळावी, एवढीच त्याची धडपड. येथे एकही घोषणा नाही. पण युद्धाचा याहून स्पष्ट निषेध कोणता?

पुढे पहिली कंपनी बुडाली आणि तो कोलंबियाकडे गेला. काळ्यांनी काय गावे हे तेथील गोरे अधिकारी त्याला सांगू लागले. एल्व्हिस प्रिस्लीने गायलेले वस्तीवरचे गाणे तू गा, असेही त्याला सुचवण्यात आल्याचे त्याने मुलाखतींत सांगितले. खाणवस्तीत वाढलेल्या माणसाला वस्तीचे दुःख उसने घ्यायला सांगणे, हा तज्ज्ञतेचा कळस होय! १९७८ नंतर थेट १९८५ साली त्याची पुढची आणि शेवटची तबकडी आली. त्यानंतर ३० मार्च २०२० रोजी मृत्यू येईपर्यंत त्याने नवी तबकडी काढली नाही.

या नकाराचे मी भाबडे कौतुक करीत नाही. १९८१ च्या ‘जस्ट द टू ऑफ अस’ची गुळगुळीत गोडी मला पहिल्या तबकड्यांपुढे फिकी वाटते, आणि त्याच्या मौनाने श्रोत्यांचे नुकसानच झाले. शिवाय हा नकार त्याला परवडला, कारण जुन्या गाण्यांचे उत्पन्न येत होते आणि त्यांच्या हक्कांचा कारभार घरातच होता. हातात काही नसणाऱ्याला असे गप्प बसता येत नाही. तो उपाशी मरतो, नाही तर सांगतील ते गातो.

म्हणून हा प्रश्न मला दूरचा वाटत नाही. दलित लेखकाने किती आक्रोश करावा, कोणती भाषा वापरावी, याचे माप बाहेरूनच ठरवणारे समीक्षक आणि प्रकाशक आपण पाहिलेले आहेत. आजीच्या हातांवर लिहिले तर त्यात विद्रोह नाही म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी विदर्सच्या या तीन तबकड्या एकदा तरी ऐकाव्यात. आणि आपण लिहिणाऱ्यांनी स्वतःला विचारावे: आपल्या पुस्तकांचे हक्क आज कोणाच्या हातात आहेत?